रात्र विकायची नाही

प्रिय पोरी,

परवा संध्याकाळी तू आलीस तेव्हा मला वाटलं नोट्स मागायला आलीयस. पाणी प्यायलीस, चहा नको म्हणालीस, रूपाभवानीच्या यात्रेबद्दल काहीतरी बोललीस आणि निघताना चपला घालता घालता विचारलंस, "मॅडम, जागं राहायची एखादी गोळी असते ना, नाव सांगा की." मी तुझ्यावर ओरडले. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पोरगी असं विचारतेच कशी म्हणून ओरडले, आणि तू मान खाली घालून गेलीस. नंतर रात्रभर तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलला नाही. म्हणून हे लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांब कोण वाचतं, तरी वाच. एका दमात नाही जमलं तर दोनदा वाच, पण रात्री एकनंतर वाचायचं नाही.

गोळीचं आधी बोलू. नाव सांगणार नाही. तुला ते पुस्तकात सापडेल हे मला माहितीय, आणि कुठल्यातरी दुकानात ओळखीनं मिळेलही, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अशी गोळी घ्यायचीही नाही आणि उद्या काउंटरच्या आत उभी राहशील तेव्हा द्यायचीही नाही. तुझ्या वयाचं कुणीतरी समोर येऊन, डोळे लाल, "ताई, परीक्षा आहे" म्हणेल, तेव्हा तू काय करणार हे आजच ठरतंय.

आता माझं म्हणणं. ते एकच आहे आणि मी ते या पत्रात दहा वेळा म्हणणार आहे. रात्र विकायची नाही. मार्कांसाठी नाही, प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी नाही, मैत्रिणीच्या प्रोजेक्टसाठी नाही, बापाच्या कष्टांची लाज वाटते म्हणूनही नाही. कमीत कमी साडेसहा-सात तास झोपायचं. बाकी सगळं उरलेल्या वेळात बसवायचं आणि जे बसत नाही ते सोडून द्यायचं.

मला माहितीय तू काय म्हणशील. बोलायला सोपंय मॅडम. तुमचं घर जुळे सोलापुरात, शांत. आमचं पूर्व भागात, खाली लूम, वरती आम्ही पाच जण एका खोलीत, बाबांची रात्रपाळी, खटखट चालूच. हो, खरंय. मी तुझं घर बघितलंय, तुझ्या आईनं मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, त्या खटखटीत मला शेजारी बसलेल्या तुझ्या भावाचं बोलणंसुद्धा नीट ऐकू येत नव्हतं. पण तू लहानपणापासून त्याच आवाजात झोपत आलीस ना? आवाज नवीन नाही. नवीन काय आहे ते सांग. नवीन आहे तो रात्री बारा वाजता थर्मासमध्ये भरून ठेवलेला चहा.

तू बायोकेमिस्ट्रीत नापास झालीस, म्हणून बायोकेमिस्ट्रीतूनच सांगते. दिवसभर जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, त्यानं झोप येते. चहातलं कॅफिन त्या अ‍ॅडेनोसिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथं चिकटतं त्या जागेवर, जाऊन बसतं. थकवा जात नाही, थकव्याचा निरोप तेवढा अडवला जातो. कॅफिनची हाफ लाइफ साधारण पाच तास. म्हणजे बारा वाजता प्यायलेल्या चहातलं अर्धं कॅफिन पहाटे पाचला तुझ्या रक्तात असतं, आणि तू म्हणतेस पाचला आडवी पडले तरी झोप येईना झालीय. कशी येईल? आणि दिवसा वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेतच. म्हणजे तू रात्रभर जागून जे पाठ करतेस ते बसवायची जी वेळ, तीच कापून टाकतेस, आणि मग रडतेस की डोक्यात काही बसंना झालंय.

आणखी एक. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की सलग १७ तास जागा असलेला माणूस कामात तेवढाच ढिला पडतो जेवढा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेला माणूस पडतो. ०.०५ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्यानं मर्यादा ३० मिलिग्रॅम. तू सकाळी सहाला उठतेस. रात्री अकरा वाजता तुझे १७ तास भरतात. त्यानंतर तू ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या रिअ‍ॅक्शन घेऊन बसतेस. विचार कर, कुठल्या अवस्थेत बसतेस.

हे मला कळायला किंमत मोजावी लागली म्हणून मी एवढी हट्टी झालेय. १९९६ च्या सुमाराची गोष्ट. मी एका कॉलेजात लेक्चरर होते, पगार चार-चार महिने यायचा नाही, म्हणून संध्याकाळी सहा ते साडेदहा एका मेडिकलवर उभी राहायचे. घरी आल्यावर स्वयंपाक, मग दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरची तयारी, झोपायला दोन. असं वर्षभर. आणि मला त्याचा अभिमान होता बरं का, सगळ्यांना सांगायचे मी चार तासच झोपते. एका रात्री दहाच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ मुलाची चिठ्ठी घेऊन आले, चिठ्ठीवर क्लोरप्रोमाझिन. मी क्लोरप्रोपामाइडचं पाकीट काढलं. रॅक एबीसीडीनं लावलेला, दोन्ही शेजारी शेजारी. एक डोक्याच्या आजाराचं, दुसरं साखर उतरवणारं, त्याची हाफ लाइफ ३६ तासांच्या आसपास. ज्याला मधुमेह नाही त्याच्या पोटात ते गेलं असतं तर साखर उतरली असती आणि उतरतच राहिली असती. मी गोळ्या मोजल्या, पाकिटावर "दिवसातून तीन वेळा" लिहिलं, माझ्या स्वच्छ अक्षरात, आणि हातात दिलं. दुकानातले जुने मामा, सातवी शिकलेले, त्यांनी बिल करताना पाकीट उचललं आणि फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, जरा बघता का परत."

मी बघितलं. पाय गळाले.

माझ्याकडं डिग्री होती, फर्स्ट क्लास होता, त्या दोन औषधांमधला फरक मी त्याच दिवशी दुपारी वर्गात शिकवला होता. ज्ञान कमी पडलं नव्हतं पोरी. झोप कमी पडली होती. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कधी कळलंच नाही काय होणार होतं, मामांना नमस्कार करून ते गेले. मी आजही त्या कोपऱ्यावरून जाताना रस्ता बदलते. म्हणून म्हणते रात्र विकायची नाही. आपल्या धंद्यात विकलेल्या रात्रीचं बिल आपल्याला येत नाही, पेशंटला येतं.

हे शिकल्यावर मी शहाणी झाले असं तुला वाटेल. स्वतःपुरती झाले. दुकान सोडलं, लवकर झोपायला लागले. पण पोरांच्या रात्री मी पुढं कितीतरी वर्षं विकायला लावल्या, हे तुला सांगायला मला जड जातंय.

सात-आठ वर्षांपूर्वी एक मुलगा होता, बार्शीकडच्या खेड्यातला, होस्टेलला राहायचा. हुशार म्हणता येणार नाही पण प्रामाणिक. त्याचं फार्मास्युटिक्सचं जर्नल मी तीन वेळा परत केलं. पहिल्यांदा मार्जिन नव्हतं, दुसऱ्यांदा लेबलचं चित्र पेन्सिलीनं नव्हतं, तिसऱ्यांदा खाडाखोड. तीनही वेळा त्यानं रात्री जागून पूर्ण लिहून काढलं. आणि ते कशासाठी? नव्या पॅटर्नमध्ये प्रॅक्टिकलच्या इंटर्नलला १५ मार्क, त्यातले १० सेशनलचे म्हणजे कॉलेजातल्या मधल्या परीक्षेचे, ५ कंटिन्युअसचे म्हणजे रोजच्या कामाचे, आणि त्या पाचातले २ अटेंडन्सचे आणि ३ जर्नल-वायवा मिळून. तीन मार्क. तीन मार्कांच्याही एका तुकड्यासाठी मी त्याच्या तीन रात्री घेतल्या, सेशनल तोंडावर असताना. तो सेशनलला पेपर कोरा ठेवून उठला. पुढं पहिल्या वर्षाचे विषय राहत गेले, पाचव्या सेमला बसता आलं नाही, आणि मग एक दिवस कळलं तो गावाला गेला, परत आला नाही.

आता माझी बाजू पण ऐक. मी काही दुष्ट नव्हते. आज जो पोरगा जर्नलमध्ये खाडाखोड करतो तो उद्या कंपनीत बॅच रेकॉर्डमध्ये खाडाखोड करणार, आणि तिथं चुकलेला आकडा एका रेघेनं कापून सही-तारीख टाकावी लागते, व्हाइटनर लावला तर नोकरी जाते, हे मी मानत होते आणि अजूनही मानते. नीटनेटकेपणा हा औषधाचाच भाग आहे. शिवाय मला वरून बोलणी खावी लागायची, इन्स्पेक्शनला जर्नलं बघितली जायची, माझ्या बॅचची जर्नलं कॉलेजात सगळ्यात चांगली असायची, त्याचं कौतुक व्हायचं आणि घरी पगार न्यायचा होता. मी कडक नसते तर त्याच बॅचमधल्या दोघी आज कंपनीत क्यूएला, म्हणजे औषधाची गुणवत्ता सांभाळणाऱ्या विभागात, इतक्या चांगल्या पोस्टवर नसत्या, त्या स्वतः फोन करून सांगतात. हे सगळं खरंय. पण तो मुलगा परत आला नाही हे पण खरंय, आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही की तू झोपतोस किती. एकदाही नाही.

आणि याहून वाईट म्हणजे विचारायचे मार्क होते! तुला माहितीय का, थिअरीच्या इंटर्नलच्या २५ मधले १० कंटिन्युअस मोडचे, त्यातले ४ अटेंडन्सचे, ३ अ‍ॅकॅडमिक अ‍ॅक्टिव्हिटीचे आणि ३ स्टुडंट-टीचर इंटरॅक्शनचे. बोलण्याचे तीन मार्क, नियमातच लिहिलेले. मी सगळ्यांना सरसकट ते मार्क लावायचे, ६० पोरांच्या वर्गात, न बोलता. मेंटॉर फॉर्म पण भरायचे, २० पोरांचे २० फॉर्म एका दुपारी, "विद्यार्थ्याची प्रगती समाधानकारक", सही घेतली, फाईल बंद. त्याच्या फॉर्मवर पण तेच लिहिलं होतं. समाधानकारक.

म्हणून आता मी निवृत्त होऊन घरी बसलेय तर येईल त्या पोराला पहिला प्रश्न झोपेचा विचारते. लोक हसतात, हसू देत.

बरं, आता तुझा हिशोब करू, कारण तू घाबरलीयस ते अर्धं अंदाजावर घाबरलीयस. होस्टेलवरच्या पोरी जे सांगतात त्यावर. तुझे दोन विषय राहिलेत, दुसऱ्या सेमचे, ऑरगॅनिक-वन आणि बायोकेमिस्ट्री. तू आता तिसऱ्या सेमला आहेस. पीसीआयच्या, म्हणजे फार्मसी कौन्सिलच्या, नियमानं पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या सेमचे विषय चौथ्या सेमच्या परीक्षेपर्यंत पुढं नेता येतात. पाचव्या सेमला बसायला पहिल्या आणि दुसऱ्या सेमचे सगळे सुटलेले लागतात. म्हणजे तुझ्या हातात आत्ताची परीक्षा आहे आणि पुढची आहे. इयर डाऊन झालेलं नाही. "माझं वर्ष गेलं" असं तू तीनदा म्हणालीस परवा, ते चूक आहे, वाक्य बदल. आणि सेशनल खराब गेली असेल तर इम्प्रूव्हमेंट एकदा देता येते, ऑफिसात जाऊन अर्ज कर, लाजू नको, ती सोय तुझ्यासारख्यांसाठीच ठेवलीय.

पासिंग ५० टक्के. दोन्ही विषय सकाळी वाच, पाच ते साडेसहा, तेव्हा बाबा पाळीवरून आलेले नसतात आणि भाऊ झोपलेला असतो. पण पाचला उठायचं तर दहाला झोपायचं. हे जमत नसेल तर पाचला उठायचंच नाही, सातला उठ आणि लायब्ररीत बस. सकाळ मिळवायला रात्र विकायची नाही, कळलं? इथं पोरं फसतात, पहाटे उठण्याचं कौतुक असतं आपल्याकडं, झोपायच्या वेळेचं कुणी विचारत नाही.

तापात कॉलेजला गेलीस असं म्हणालीस, अटेंडन्सचे मार्क जातील म्हणून. थिअरीला ९५ किंवा वर हजेरी असली तर ४ मार्क, ९० ते ९४ ला ३; प्रॅक्टिकलला २ आणि दीड. अर्ध्या-एका मार्कासाठी तू १०२ तापात प्रॅक्टिकलला उभी राहिलीस, हातात अ‍ॅसिड घेऊन. ८० टक्क्यांच्या खाली जायचं नाही, परीक्षेला बसता येत नाही, तेवढं सांभाळ. त्याच्या वरचा एक मार्क तापाला देऊन टाक.

आणि रविवारी बारा तास झोपून भरपाई करते म्हणालीस, तेही नको. पेशंटला आपण काय सांगतो, गोळी चुकली तर पुढच्या वेळी डबल घ्यायची नाही. झोपेचंही तसंच. रोज ठरलेल्या वेळी ठरलेला डोस. पहिल्या दोन-तीन दिवसांत काही फरक वाटणार नाही, तू म्हणशील मॅडमचं ऐकून दोन रात्री फुकट गेल्या, तेव्हा चिडू नकोस, स्टेडी स्टेट यायला, म्हणजे औषधाची रक्तातली पातळी स्थिर व्हायला, चार-पाच हाफ लाइफ जातात हे तुला पुढं शिकायचंच आहे. आठ-दहा दिवस दे मला. फक्त आठ-दहा.

आता ते वाक्य. मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. जिन्यात तू म्हणालीस, "मी नसते तर बाबांचे फीचे पैसे तरी वाचले असते." तू हसत म्हणालीस. मी ऐकलं. तेव्हा काही बोलले नाही कारण मी गोळीवरून चिडलेली होते, आणि याची मला तेव्हापासून लाज वाटतेय.

इथं मी झोपेचं लेक्चर देणार नाही. असं वाक्य परत मनात आलं, हसत येऊ दे नाहीतर रडत, तर वेळ न बघता मला फोन कर, रात्री तीन असले तरी. माझी झोप मोडली तर मोडू दे. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आईशी बोलतेस तसं तेलुगूत बोलायचं असेल तर तेही चालतं. आणि आपल्या सिव्हिलला मानसोपचाराचा विभाग आहे, तिथं जायला मी सोबत येते. केसपेपर काढायच्या लाईनीत मी उभी राहीन, तू बाकावर बस. कुणी बघेल म्हणशील. बघू दे. आपण औषधाच्या घरातली माणसं, या आजाराच्या गोळ्या दुसऱ्यांना रोज देतो आणि स्वतःवर वेळ आली की लपवतो, हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

कॉलेजकडूनही माग. जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर पाहिजे. तुमच्या कॉलेजात तर चार वर्षांची मिळून दोनशेच्या वर पोरं आहेत. चार-पाच जणी मिळून प्राचार्यांना लेखी द्या, तारीख टाकून, पोच घेऊन. एकटीनं जाऊ नको, एकटीला "तुलाच काय प्रॉब्लेम आहे" विचारतात. आणि त्याच अर्जात लिहा की सबमिशन आणि सेशनल एका आठवड्यात ठेवू नका. कॉलेजात योगदिन होतो, स्ट्रेस मॅनेजमेंटचं व्याख्यान होतं, चांगलंय, होऊ दे, पण त्या व्याख्यानाच्या दिवशी रात्री पोरं जर्नल लिहीत जागतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. टाइमटेबल बदलल्याशिवाय ताण कमी होत नाही. मी नोकरीत असताना हे स्टाफ मीटिंगमध्ये एकदा बोलले होते, एकदाच, मग गप्प बसले. दुसऱ्यांदा बोलायला पाहिजे होतं.

बाबांचं. तू म्हणतेस बाबा रात्रभर लूमवर उभे असतात आणि मी झोपू कशी. हा तुझा सगळ्यात मोठा गुंता आहे, मला कळतं, माझे वडील गिरणीत होते. पण तू जागी राहिलीस म्हणून त्यांच्या लूमवर एक चादर जास्त निघत नाही गं. ते जागतात ते तू जागू नयेस म्हणून. त्यांना विचारून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नको. खरंच विचार, जेवताना. माझी खात्री आहे त्यांना तुझे दोन विषय राहिलेले पण माहिती नसतील. तेही सांग. ओरडतील, एक दिवस ओरडतील.

आपल्या गावच्या डॉक्टर कोटणीसांचं नाव तू शाळेपासून ऐकलंयस, भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक बघितलंयस. चीनच्या युद्धात त्यांनी जखमींवर दिवसरात्र ऑपरेशनं केली आणि ९ डिसेंबर १९४२ ला गेले, ३२ वर्षांचे होते, फिट्स येत होत्या तरी काम थांबवलं नाही. लहानपणी आम्हाला हे त्यागाची गोष्ट म्हणून सांगितलं, आणि ती आहेच, मी हात जोडते. पण आता या वयात मला सारखं वाटतं, त्यांना कुणीतरी जबरदस्तीनं झोपवायला हवं होतं. ते युद्ध होतं, तिथं पर्याय नसेल. तुझी सेशनल युद्ध नाही.

मी जास्त बोलतेय, माहितीय. आणि यातलं अर्धं तुला नाही, त्या बार्शीच्या पोराला बोलतेय हेही माहितीय. त्याचा नंबर माझ्याकडं आहे अजून, तीन-चारदा लावायला घेतला आणि ठेवला. तुला एवढं सगळं सांगून मी तो लावला नाही तर काही खरं नाही, लावते.

तू रविवारी ये. ऑरगॅनिकची वही आण, जुनी प्रश्नपत्रिका आण, आणि या आठवड्यात रोज किती वाजता झोपलीस ते कागदावर लिहून आण, खरं लिही, मी ओरडणार नाही. अल्कीन आणि डाईनपासून सुरू करू. दहाच्या आत ये, जेवूनच जा, आणि एकच्या पुढं मी थांबणार नाही, दुपारी मी झोपते.

तुझी,
मॅडम